मानेखालची उशी

दादाला एएलएस झाल्यापासून साताऱ्याहून सांगलीला माझं जाणं-येणं वाढलंय. या आजारात स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशी मरत जातात; स्पर्श मात्र बहुधा शाबूत राहतो. डास चावलेला दादाला कळतो, हाकलता येत नाही. रिलुझोलची गोळी आजाराचा वेग थोडा कमी करते, एवढंच. पातळ पाण्याने ठसका लागतो, म्हणून वहिनी ते दाटसर करून चमच्याने पाजतात. रात्री श्वासाचं यंत्र. वीज गेली तर इन्व्हर्टर.

स्टीफन हॉकिंग १९६३ मध्ये याच आजाराचं निदान झाल्यावरही २०१८ पर्यंत जगले, असं मी त्याला सांगितलं. अक्षरांच्या तक्त्यावर नजर फिरवत त्याने सावकाश उत्तर जुळवलं : उशी सरकव. हसावं की रडावं कळेना. वहिनी मात्र मोकळेपणी हसल्या.

अन्नासाठी पोटात नळी बसवायची का, ते अजून ठरायचंय. दादा म्हणतो, थांबा. किती, ते सांगत नाही.