अणूचा शेजार

जूनच्या अखेरीस पाचगणीत धुकं दारातून आत येऊ लागलं, की घरातल्या लोखंडाचे दिवस फिरतात. फाटकाची कडी, खिडकीचे गज, पत्र्याचे खिळे, कुलपं, सगळ्यांवर बघता बघता तांबूस थर धरतो. महाबळेश्वर वीसेक किलोमीटरवर. तिथल्या मानाने आमचा पाऊस बराच कमी, पण ओल काही कमी नाही. अशाच एका संध्याकाळी, वीज गेलेली असताना, मी विळ्याचं पातं राखेने घासून लख्ख केलं, त्यावर चिमूटभर मीठ विरघळवलेल्या पाण्याचा थेंब ठेवला आणि बघत बसलो. थेंबाच्या मधोमध लोखंड मुकाट्याने विरघळत असतं. त्याने सोडलेले इलेक्ट्रॉन पात्यातूनच कडेकडे सरकतात, कारण तिथे हवा जवळ, ऑक्सिजन मुबलक. कडेला ऑक्सिजन ते उचलतो. दोन्हीकडून निघालेला माल पाण्यात जिथे भेटतो तिथे, ना मधे ना काठावर, गंजाचं कडं उमटतं. केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्स यांनी शंभरेक वर्षांपूर्वी हाच थेंब अभ्यासला होता. विळ्यावर विजेची एवढी उलाढाल चालू, आणि घरात मात्र मेणबत्ती!

या उलाढालीतला ऑक्सिजनचा वाटा म्हणजेच फ्युएल सेलची सगळ्यात मोठी डोकेदुखी. 21 ऑगस्ट 2022 रोजी पुण्यात केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी विकसित केलेली, हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज करणाऱ्या अशाच सेलवरची बस लोकांसमोर आली. पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे आपली एनसीएल, त्या कामात होती. अशा सेलच्या एका बाजूला हायड्रोजन आपले इलेक्ट्रॉन देऊन मोकळा होतो. ते काम झटपट उरकतं. दुसऱ्या बाजूला ऑक्सिजनच्या प्रत्येक रेणूने चार इलेक्ट्रॉन घ्यायचे आणि पाणी व्हायचं. हा गडी भलताच संथ. कडीला गंजायची घाई नसते. बसला पसरणीचा घाट चढायचा असेल तर असं रेंगाळून भागत नाही.

म्हणून ही क्रिया झपाट्याने घडवणारा उत्प्रेरक लागतो: प्लॅटिनम. त्यातलं बरंचसं दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतून येतं आणि त्याच्या भावाबद्दल बोलायलाच नको. सेलमध्ये ते कार्बनच्या भुकटीवर दोन-चार नॅनोमीटरच्या कणांच्या रूपात पसरलेलं असतं. काम चालतं फक्त पृष्ठभागावर. एवढ्याशा कणातसुद्धा निम्म्याहून जास्त अणू आत दडलेले, बिनकामाचे आणि पूर्ण पगारी. मग कण हवाच कशाला? एकेक अणू सुटा मांडला तर?

2011 साली चीनमधल्या दालियन इथे ताओ झांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसं करून दाखवलं. प्लॅटिनमचे सुटे अणू त्यांनी बसवले ते लोहाच्या ऑक्साइडवर. त्या प्रयोगात विजेचा संबंध नव्हता, कार्बन मोनॉक्साइड जाळायचा होता. पण सुट्या अणूंच्या उत्प्रेरकांची चर्चा जगभर सुरू झाली ती तिथून. मी ते वाचलं तेव्हा डोळ्यांसमोर आलं आमचं टेबल लँड. घोडेवाले आणि पर्यटक दिवसभर ज्याच्यावरून फिरतात तो जांभा लोहाच्या ऑक्साइडांनीच भरलेला आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा लाव्हा. पावसाने त्यातली सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेलं आणि मागे राहिलं लोह नि ॲल्युमिनियम. जांभ्याचा ताजा फुटलेला तुकडा हातात घेतला तर भोकंच भोकं, त्यांत पिवळट माती आणि कडांना जांभळट तांबडा रंग. प्रयोगशाळेतलं ऑक्साइड इतकं गबाळं नसतं, पण गोत्र तेच.

सुटा अणू मात्र सुखाने सुटा राहत नाही. जरा ऊब मिळाली की सरकतो, दुसऱ्याला चिकटतो, आणि पुन्हा कण तयार. त्यामुळे या विद्येत धातू निवडण्याइतकीच, मला तर वाटतं त्याहून जास्त, अक्कल लागते ती त्याची जागा घडवायला. शिवाय एकटा पडलेला अणू स्वभावानेही बदलतो. ऑक्सिजनची जोडी तोडायला प्लॅटिनमचे शेजारी-शेजारी अणू लागतात. एकट्याला ती तुटत नाही, मग तो चाराऐवजी दोनच इलेक्ट्रॉन देतो आणि पाण्याऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड होऊ लागतं. लोखंडाचं नेमकं उलट. घोळक्यात असलं की गंजतं; पण कार्बनच्या थरात चार नायट्रोजनच्या मधे एकटं बसवलं, की ऑक्सिजनला थेट पाण्यापर्यंत नेतं. अल्कधर्मी द्रावणात तर प्लॅटिनमच्या बरोबरीने. आपल्या रक्तातलं लोहही चार नायट्रोजनच्या मधेच असतं. रेमंड जेसिन्स्की यांनी 1964 साली, निळ्या रंगद्रव्याच्या जातीच्या एका कोबाल्ट-संयुगावर ऑक्सिजनची ही क्रिया दाखवली, तिथेही धातूभोवती चार नायट्रोजनच.

असं कोंदण चिमट्याने घडवता येत नाही, भट्टीत घडतं. एक नामी रीत अशी: जस्त आणि नायट्रोजनयुक्त रेणूंची जाळीदार स्फटिक-रचना करायची, तिच्यात लोखंड नावापुरतं मिसळायचं आणि हवा न लागू देता 900 अंशांच्या आसपास तापवायचं. जस्त 907 अंशांना उकळतं; तेवढ्या उष्णतेत ते वाफ होऊन निघून जातं आणि जाताना लोखंडाच्या अणूंसाठी मोकळी जागा ठेवून जातं. लोखंडाचा हात जरा सैल सुटला तर गुठळ्या. मग आम्लात धुवायचं. गुठळ्या विरघळतात, नायट्रोजनने धरलेले अणू टिकतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते करड्या पार्श्वभूमीवर पांढरे ठिपके म्हणून दिसतात. पण ठिपका काही शेजारी कोण ते सांगत नाही. त्यासाठी इंदूरच्या इंडस-2 सारख्या यंत्राचे क्ष-किरण लागतात: लोखंड-नायट्रोजन अंतराची खूण दिसली आणि लोखंड-लोखंडाची दिसली नाही, की अणू खरोखर सुटे.

मग घोडं कुठे अडलं? टिकण्यात. बसमधल्या सेलचं अंतरंग आम्लधर्मी. तिथे थोडं पेरॉक्साइड झालं की ते भोवतालचा कार्बन कुरतडतं, लोखंड सुटून वाहून जातं. मोटारीला निदान 5,000 तास चालणारा सेल हवा, आणि तिथवर प्लॅटिनमच पोचतं.

बहुतेक जण लोखंडाला धरून ठेवण्याची ताकद वाढवण्याच्या मागे आहेत. भिलारच्या शेतात स्ट्रॉबेरीचं पान काय करतं ते पाहिलं, तर दुसरी वाट दिसते. पानात याच क्रियेची उलटी बाजू चालते, पाणी फोडून ऑक्सिजन सोडण्याची. ते काम चार मँगनीज, एक कॅल्शियम आणि पाच ऑक्सिजन अणूंचा एक पुंजका करतो. जपानी संशोधकांनी 2011 साली त्यातले अणू वेगवेगळे दाखवले. हा पुंजका धरणारं प्रथिन कडक उन्हात अर्ध्या-एक तासात निकामी होतं. पान ते काढून टाकतं, नवं बसवतं, मँगनीज पुन्हा एकेक करून जागेवर येतं, तेही उजेडाच्याच जोरावर. अमर काहीच नाही, डागडुजी मात्र अखंड. 2008 साली एमआयटीत मॅथ्यू कानन आणि डॅनियल नोसेरा यांनी पाण्यातून ऑक्सिजन काढणारा कोबाल्टचा थर केला. त्यातून सुटलेला कोबाल्ट, वीज चालू आणि पाण्यात फॉस्फेट असेल तर, आपणहून परत येऊन बसतो. लोखंडाच्या सुट्या अणूला परतीचा असा रस्ता ठेवणं कितीतरी अवघड. त्याला नुसती फळी पुरत नाही, चार नायट्रोजनचं घरच लागतं. तरी पैज लावायची वेळ आली, तर मी घट्ट पकडीवर नाही, या डागडुजीवर लावीन.