शेवटच्या पानावरची चिठ्ठी

मोजदाद करण्याची माणसाला मोठी हौस. कोणी सकाळच्या फेरीतली पावले मोजतो, कोणी जपमाळेचे मणी, तर कोणी शेजाऱ्याकडे आलेले पाहुणे. आम्ही मास्तर लोक तर जन्मभर दुसऱ्यांचे गुण मोजत असतो. तेव्हा कधी तरी स्वतःचीही बेरीज मांडून पाहावी असे एखाद्याला वाटले, तर त्यात नवल ते काय? गेली सात वर्षे मी 1 जानेवारीला एका साध्या वहीच्या पहिल्या पानावर एक आकडा लिहितो : 24. महिन्याला दोन याप्रमाणे वर्षाला चोवीस पुस्तके. अभ्यासक्रमातली पुस्तके त्यात धरायची नाहीत, हा नियम.

मराठीच्या प्राध्यापकाने पुस्तके वाचण्याचा संकल्प करावा, याचे आमच्या घरी पहिल्या वर्षी फार हसू झाले. “हलवायानं वर्षाला चोवीस पेढे खायचा नेम करावा, तसं झालं हो हे!” असे आमची सौ. म्हणाली. पण खरे सांगू का, रोज पेढे वळणाऱ्याला पेढ्याची वासना उरत नाही. दिवसभर पुस्तकांविषयी बोलून आणि पुस्तकांविषयीच्या उत्तरपत्रिका तपासून घरी आलेल्या माणसाला पुस्तक उघडण्यासाठी काही तरी निमित्त लागतेच.

माझा पुण्याचा पुतण्या हाच उद्योग फोनवर करतो. गुडरीड्स नावाच्या ठिकाणी 2011 पासून जगभरचे वाचक आपापला वर्षाचा आकडा जाहीर करतात, आणि तुम्ही रेंगाळलात की ते यंत्र तुम्हाला तसे सुनावते. “काका, मी दोन पुस्तकांनी मागे आहे,” असे तो परवा अशा काही सुरात म्हणाला, की मला आधी वाटले, घराचे दोन हप्तेच थकले असावेत!

आकड्याचा उपयोग नाही असे मात्र मी म्हणणार नाही. आकडा हा दारावरचा गुरखा आहे. रात्री साडेनऊला फोन हाती घेतला की साडेअकरा केव्हा वाजतात ते कळत नाही. त्या दोन तासांवर माझा आकडा पहारा करतो. पण गुरखा झाला तरी तो दारावरचाच. आत कोणाला घ्यावे हे त्याला कसे समजणार? आमच्या नागपुरात संत्री डझनाने घेताना गिऱ्हाईक ढिगातली मोठी मोठी निवडते. पुस्तके नगाने मोजू लागले की नेमके उलटे होते. हात लहान लहान पुस्तकांकडे वळतो. नेमाड्यांची ‘हिंदू’ 2010 साली आली. पाने सहाशेच्या वर. ती वाचायला महिना लागो की दोन, वहीत तिच्यापुढे एकच रेघ पडायची, आणि बसस्टँडवर वाचून संपवलेल्या चिमुकल्या पुस्तकापुढेही एकच!

यंदाच्या वहीत दसऱ्यापर्यंत एकोणीस नावे झाली. त्यांतल्या चारांविषयी बोलतो. पहिले नंदा खरे यांचे ‘उद्या’. ही कादंबरी 2014 ची. तिला 2020 चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि लेखकाने तो नम्रपणे नाकारला. खरे आमच्या नागपूरचे, पेशाने स्थापत्य अभियंता. 2022 साली ते गेले. माणसावर सतत नजर ठेवणाऱ्या, त्याचा बारीकसारीक हिशेब ठेवणाऱ्या काळाची ही गोष्ट. यंदा ती मी दुसऱ्यांदा वाचली, आणि पुतण्याच्या फोनने त्याची वाचलेली पाने मोजावीत याची मला पहिल्यांदाच थोडी धास्ती वाटली. गोष्ट मधूनच थांबते आणि लेखकातला अभियंता आपल्याला यंत्र उघडून दाखवू लागतो. ज्यांना हे खपत नाही त्यांनी तिच्या वाटेला न जावे. मला खपते.

दुसरे मनोज बोरगावकरांचे ‘नदीष्ट’. गोदावरीत पोहणारा एक माणूस आणि त्या काठावरची माणसे, एवढाच ऐवज. पुस्तक लहान, पण मला त्याला तीन आठवडे लागले, कारण त्यात पोहण्यापेक्षा थांबणेच अधिक घडते. तिसरे सुधीर रसाळांचे ‘विंदांचे गद्यरूप’. 2024 चा अकादमी पुरस्कार याला मिळाला. परिभाषेचे ओझे वाचकाच्या डोक्यावर न देता समीक्षा लिहिता येते, हे आमच्या धंद्यातल्या मंडळींनी त्यातून शिकावे. हे पुस्तक मिटले, आणि मी विंदांची ‘स्पर्शाची पालवी’ कपाटातून काढली. समीक्षेने मूळ पुस्तकाकडे धाडावे, याहून तिचे मोठे यश कोणते?

चौथे कृष्णात खोत यांचे ‘रिंगाण’, 2023 च्या अकादमी पुरस्काराचे मानकरी. धरणाने उठवलेल्या माणसांची आणि मागे राहिलेल्या एका म्हशीची ही कथा. ती मी आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातून आणली, आणि तिथेच माझ्या मोजणीला निराळे वळण लागले.

ग्रंथालयाच्या पुस्तकात शेवटच्या पानावर तारखांची एक चिठ्ठी डकवलेली असते. संगणक आल्यापासून पुष्कळ ठिकाणांहून ती गेली. आमच्याकडे अजून आहे. ‘रिंगाण’च्या चिठ्ठीवर एकच शिक्का होता, माझा. मी त्या कोऱ्या रकान्यांकडे पाहत राहिलो. मनात आले, माझी वही एका माणसाने किती पुस्तके वाचली ते सांगते. ही चिठ्ठी एका पुस्तकाला किती माणसे भेटली ते सांगते. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांनी 1931 साली पाच सूत्रे मांडली. वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, एवढ्यावर ते थांबले नाहीत. पुस्तकालाही त्याचा वाचक मिळावा, असे त्यांनी लगोलग पुढचे सूत्र केले. या दुसऱ्या बाजूचा जमाखर्च आपण कोणीच ठेवत नाही.

बी.ए.च्या वर्गात भंडारा जिल्ह्यातली एक मुलगी आहे. ‘माझे गाव’ या विषयावर तिने चारच ओळी लिहून दिल्या होत्या : तिचे गाव गोसेखुर्दच्या पाण्याखाली आहे, तिला ते आठवत नाही, आठवते ते तिच्या बाबांना. वैनगंगेवरच्या या धरणाची कोनशिला 1988 साली बसली. पुढे कित्येक गावे उठली आणि नव्या गावठाणांत जाऊन बसली. ‘रिंगाण’ मी तिच्या हाती दिले. पंधरा दिवस गेले, महिना गेला. विचारले तर म्हणाली, “सर, माझं झालं. बाबा वाचून राहिले अजून.”

आणखी एक महिना गेला.

“बाबा दोन पानं वाचते अन् पुस्तक मिटवून बसून राहते, सर. आता काका म्हणते, माझ्याकडं दे.”

कादंबरीतली बोली कोल्हापुराकडची, वाचणारा वैनगंगेकाठचा. सगळे शब्द त्याला कळले असतील असे नाही. पण पुस्तक मिटवून बसून राहावे हे त्याला कोणत्याही शब्दकोशाने शिकवले नव्हते. पुस्तक अद्याप परत आलेले नाही. माझ्या नावावर दंड चढतो आहे, तो मी भरतो. दंडाची पावती वहीत चिकटवून ठेवली आहे. यंदाच्या वाचनाची तेवढी एकच पावती माझ्यापाशी आहे!

पुस्तक असे हातोहात चालत जाते हे नागपूरकराला खरे तर नवे नसावे. 1956 साली ज्या भूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, तिथे दरवर्षी लाखो लोक येतात, आणि जाताना पुस्तके घेऊन जातात. ज्यांनी दादरला ‘राजगृह’ बांधले तेच मुळी ग्रंथांना जागा पुरावी म्हणून, त्यांच्या लेकरांना हे साजतेच. एका वर्षी तिथल्या पुस्तकांच्या दुकानापाशी एक म्हातारी लुगड्याच्या गाठीतून नोटा सोडताना दिसली. पुस्तक एकच, पण चांगले जाड. “आजी, तुम्ही वाचता?” मी विचारले. “मी कायची वाचतो बापा! नातू वाचते, आम्ही सारेजण आयकतो.” म्हणजे वर्षाला पुस्तक एक. पुतण्याच्या फोनने तिला तेवीस पुस्तकांनी मागे आहात असे सुनावले असते. पण त्या एका पुस्तकापुढे किती कान बसले असतील, त्याची मोजणी कोणी केली?

आकडा मी टाकलेला नाही. 1 जानेवारीला पुन्हा 24 च लिहीन. मात्र वहीत आता एक जादा रकाना आखला आहे : ‘पुढे कोणाकडे?’ एकोणीस पुस्तकांसमोर या रकान्यात आज अकरा नावे आहेत, आणि त्यांतली तीन एकट्या ‘रिंगाण’पुढची. दहा पुस्तके अजून माझ्यापाशीच अडकून पडली आहेत. त्यांची सोय लावायची आहे.

दिवाळी अंक वहीत धरावा की नाही, याचा निकाल मात्र मला सात वर्षांत लावता आलेला नाही. 1909 साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हे अंक विकत घेणारा एक आणि वाचणारे दहा, अशीच वहिवाट आहे. वरच्या मजल्यावरून खाली, माहेराहून सासरी, असा त्याचा प्रवास. शेवटी मुखपृष्ठ गळाले तरी तो चालतच असतो. पहिल्या रकान्यात त्याला जागा नसेल, पण दुसऱ्या रकान्यात त्याच्यापुढे पान पुरणार नाही. तेव्हा वाचकहो, हा अंक तुमच्याकडे कितव्या हाताने आला आहे ते एकदा पाहा, आणि फराळाचे ताट शेजारी पाठवाल तेव्हा त्याच्यासोबत हाही धाडून द्या.