दुसरं अक्षर

मंडळी, जर्मनीत घर बदललं की दोन आठवड्यांत नवा पत्ता सरकारदरबारी कळवावा लागतो, हे आपल्याला पाठच आहे. आपल्या लॅपटॉपलाही असाच एक पत्ता असतो: मॅक अ‍ॅड्रेस. ० ते ९ आणि ए ते एफ यांतली १२ अक्षरं, त्यातली पहिली ६ सहसा कंपनीची खूण.

२०१६ च्या हिवाळ्यात एका मित्राच्या भाचीचा फोन आला. इथे मास्टर्स करत होती. वसतिगृहात ज्याचा मॅक अ‍ॅड्रेस नोंदवलेला, त्याच लॅपटॉपला इंटरनेट. तिचा लॅपटॉप नवा, आणि ऑफिस उघडणार थेट मंगळवारी! पुण्याला परत गेलेल्या मैत्रिणीचा पत्ता मात्र यादीत अजून होता.

"काका, सेटिंग्जमध्ये तोच टाकला, रीस्टार्ट केलं, पण हा घेतच नाही! एररही देत नाही."

एरर देणारच नाही. विंडोज ७ च्या काळापासून बऱ्याच वायफाय ड्रायव्हरांची ही रीत आहे. टाकलेला आकडा सेटिंग्जमध्ये दिसत राहतो, पण कमांड प्रॉम्प्टवर 'गेटमॅक' चालवलं की जुनाच पत्ता हजर! पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तरच हे ड्रायव्हर बदल मानतात. कारण त्या अक्षरात एक बिट असतो, तो सांगतो की हा पत्ता कंपनीने दिलेला नाही, इथेच ठेवलेला आहे. थोडक्यात, टोपणनाव चालेल, पण ते टोपणनाव आहे हे सांगा. केबलच्या कार्डांना सहसा एवढी शिस्त नसते.

मैत्रिणीच्या पत्त्यातलं दुसरं अक्षर होतं ४. ते बदलून २ केलं असतं तर ड्रायव्हर खूश, पण वसतिगृहाच्या यादीत तो पत्ताच नाही!

याला फसवायच्या युक्त्या आहेत. मी शिकवल्या नाहीत. तेव्हा इथे सिनेमा डाउनलोड केल्याबद्दल वकिलांची शेकडो युरोंची पत्रं यायची. वायफाय नीट सुरक्षित न ठेवणाऱ्यालाही जबाबदार धरता येतं, असा निकाल मे २०१० मध्ये कार्ल्सरूहेच्या बुंडेसगेरिश्त्सहोफने दिला होता. कायदा सैल झाला तो २०१७ मध्ये. हिने रात्री काहीही केलं असतं तरी नोंद पुण्याच्या मुलीच्या नावावर, आणि तिचं डिपॉझिट अजून वसतिगृहाकडेच! भाची रागावली, शनिवार-रविवार लायब्ररीत बसली. मंगळवारी नोंदणी दहा मिनिटांत झाली.

आता तुमच्या फोनच्या वायफाय सेटिंग्जमधला पत्ता पाहा. दुसरं अक्षर बहुधा २, ६, ए किंवा ई असेल. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयफोनच्या आयओएस १४ (२०२०) पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा, स्वतः बनवलेला पत्ता देतात, म्हणजे दुकानोदुकानी कोणी माग काढू नये. चांगलंच आहे. फक्त घरच्या राउटरवर मॅक फिल्टर असेल आणि भारतातून आलेल्या आजी-आजोबांचा फोन जोडला जात नसेल, तर त्यांच्या फोनवर तेवढ्या नेटवर्कपुरता हा खासगी पत्ता बंद करा आणि फोनचा मूळ पत्ता राउटरच्या यादीत घाला.