आवक, जावक आणि खिडकीची बिजागरी

फोर्ड जीटी४०च्या नावातला चाळीस हा तिच्या उंचीचा आकडा आहे. जमिनीपासून छपरापर्यंत जेमतेम ४० इंच, म्हणजे साधारण एक मीटर. १९६६ ते १९६९ अशी सलग चार वर्षं ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकलेल्या या घराण्याच्या मूळ गाड्या फार थोड्या बनल्या आणि आज त्या संग्राहकांच्या तिजोरीतच शोभतात. त्यामुळे इंग्लंड, अमेरिका, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया इथल्या कारागिरांनी तिच्या प्रतिकृती बांधायला घेतल्या, आणि त्या रस्त्यावर रोज चालवता येतात. पण उन्हाळ्यात अशी गाडी चालवणाऱ्या जवळपास प्रत्येकाची तक्रार एकच असते : आत भट्टी पेटल्यासारखं होतं. मग पहिला उपाय सुचतो तो खिडकीचा. काच खाली जाणारी करा, सरकती करा, निदान तिच्यात एक झडप तरी बसवा, म्हणजे वारा येईल. माझं म्हणणं असं की या गाडीत खिडकीतून वारा येतो हा समजच मुळात चुकीचा आहे. चालत्या गाडीची खिडकी ही मुख्यतः हवा बाहेर जाण्याची जागा आहे. हे ध्यानात न घेता काच कापली, तर आतली उष्णता कमी होण्याऐवजी वाढूही शकते.

आधी ही उष्णता येते कुठून ते पाहू. इंजिन पाठीमागे आहे, डोक्याच्या अगदी जवळ. मध्ये एक पातळ भिंत आणि एक काच. व्ही-आठ इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे एक्झॉस्टचे पाइप मूळ रचनेत एकमेकांत गुंफून इंजिनाच्या वरूनच मागे जातात, म्हणजे गाडीतला सर्वांत तापलेला भाग त्या मागच्या काचेच्या पलीकडेच असतो. रेडिएटर मात्र नाकात, त्यामुळे उकळत्या पाण्याच्या जवळपास तापलेलं कूलंट नेणारे पाइप पुढून मागे आणि मागून पुढे केबिनच्या पोटातून फिरतात. आणि वरून ऊन. पुढची काच इतकी निजलेली आहे की दुपारचं ऊन तिच्यावर जवळजवळ काटकोनात पडतं. भर उन्हात एका चौरस मीटरवर १,००० वॅटच्या आसपास ऊर्जा येते; काचेतून त्यातले ७०० वॅट आत शिरले असं धरू. ही एवढीच उष्णता बाहेर काढायची आणि आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा १० अंशांहून अधिक तापू द्यायची नाही असं ठरवलं, तर दर सेकंदाला सुमारे ५८ लिटर ताजी हवा केबिनमधून वाहून जायला हवी. हे फक्त उन्हाचं. इंजिन, पाइप आणि आत बसलेली दोन माणसं अजून हिशेबात धरलेलीच नाहीत. मूळ गाडीच्या सीटांच्या कापडात धातूच्या आयलेटच्या रांगाच्या रांगा आहेत, त्या पाठीला थोडी हवा लागावी म्हणून. त्या काळच्या रचनाकारांना हा प्रश्न नीट ठाऊक होता याचा तो पुरावा आहे.

आता हवेच्या दाबाकडे वळू, कारण सगळा मुद्दा तिथे आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीच्या नाकावर हवा आदळून थांबते तिथे बाहेरच्या दाबापेक्षा सुमारे ४६० पास्कल जास्त दाब असतो. पाण्याच्या भाषेत सांगायचं तर ४७ मिलिमीटर उंचीच्या पाण्याएवढा. पुढच्या काचेच्या तळाशीही हवा अडते आणि दाब चढतो. पण तीच हवा काचेच्या बाजूच्या खांबाला वळसा घालून दारांवरून मागे जाते तेव्हा तिचा वेग वाढतो आणि दाब बाहेरच्यापेक्षा खाली उतरतो. बाजूच्या खिडक्या नेमक्या या ओढीच्या पट्ट्यात आहेत. तिथे काच उघडली की केबिनमधली हवा बाहेर खेचली जाते, आणि आतला दाब पडला की तो भरून काढायला हवा मिळेल तिथून आत येते. घराच्या एकाच भिंतीला खिडकी असली तर वारा खेळत नाही हे आपल्याला माहीत असतं. इथे दुसरी खिडकी असते, फक्त ती आपण ठेवलेली नसते. गिअरच्या दांड्याचं भोक, वायरींच्या जुडग्याचं ग्रॉमेट, कूलंटचे पाइप भिंतीतून जातात तिथली फट, मागच्या काचेचं सुटलेलं रबर : ही ती दुसरी खिडकी. आणि तिच्या पलीकडे इंजिनाचा खण आहे, जिथे दारांमागच्या मोठ्या मुखांतून हवा मुद्दाम आत लोटलेली असते, म्हणजे दाब केबिनपेक्षा जास्त. खिडकी उघडल्यावर गरम तेलाचा आणि पेट्रोलचा वास वाढतो असं या गाड्यांचे मालक सांगतात, त्याचं कारण हेच. खिडकीने तिचं काम चोख केलेलं असतं. तिला आवक कुठून द्यायची हे मात्र कोणी ठरवलेलं नसतं.

खिडकी हवा आत घेते की बाहेर काढते हे तिच्या आकारापेक्षा तिच्या कोनावर अवलंबून असतं, आणि हे समजायला मुंबईकराला ल माँला जावं लागत नाही. काळ्यापिवळ्या टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षं धावलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या दारांत एक तिकोनी काच असायची, उभ्या खिळीवर फिरणारी. ती किंचित उघडली की तिची मागची कड बाहेर यायची आणि आतली हवा, विडीचा धूर, सगळं ओढून बाहेर जायचं. तीच काच पूर्ण फिरवून वाऱ्याकडे तोंड केलं की ती सूप धरल्यासारखी हवा थेट अंगावर आणायची. एकच काच, एकच भोक, आणि दोन उलट कामं. जीटी४०च्या दारातल्या झडपेलाही हाच नियम लागू होतो. बिजागरी पुढच्या बाजूला असेल तर मागची कड बाहेर उघडते आणि झडप ओढ लावते. बिजागरी मागे असेल तर पुढची कड बाहेर येते आणि झडप हवा झेलते. झेलणारी झडप ऐकायला आकर्षक वाटते, पण ती पाऊस झेलते, धूळ झेलते, आणि वेगात तिच्या पोटात वारा भरून ती उखडायला बघते. शिवाय ती जी हवा झेलते ती कुठली, हाही प्रश्न आहे.

कारण या गाडीची एक खास अडचण आहे, जी साध्या मोटारींत नसते. नाकातल्या रेडिएटरमधून तापून निघालेली हवा पुढच्या झाकणावरच्या दोन मोठ्या नाकपुड्यांतून वर सोडलेली असते. ती तिथून सरळ पुढच्या काचेवर आणि काचेच्या दोन्ही कडांनी मागे जाते. साध्या मोटारीत केबिनची ताजी हवा घ्यायची सर्वमान्य जागा म्हणजे पुढच्या काचेचा तळ; दाब तिथे चांगला असतो. इथे मात्र त्या जागी दाब आहे, पण हवा शिळी आणि तापलेली आहे. म्हणून आवक नाकातूनच, रेडिएटरच्या पुढून, वेगळ्या नळ्यांनी आणायला हवी. पुष्कळ जण इथे नाका डक्ट लावतात. अमेरिकेच्या विमानविद्या समितीने १९४०च्या दशकात विकसित केलेलं हे पृष्ठभागात बुडवलेलं मुख दिसायला सुरेख असतं, पण त्याला पृष्ठभागाला चिकटून वाहणारी, न मंदावलेली हवा लागते. ते कमी दाबाच्या ओढीच्या जागी बसवलं तर शोभेपलीकडे फारसं काही देत नाही. नाकाच्या पुढच्या तोंडातून काढलेली साधी गोल नळी त्यापेक्षा अधिक विश्वासाची. आणि एक नळी पुरत नाही. ७५ मिलिमीटर व्यासाच्या एकाच नळीतून सेकंदाला ५८ लिटर न्यायचे तर हवेला नळीत १३ मीटर प्रतिसेकंद वेगाने धावावं लागतं. दोन नळ्या दिल्या की निम्मा वेग पुरतो, आणि नळीचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे तो चौथ्या हिश्शावर येतो. गावातल्या वेगातही हवा येत राहते ती या हिशेबामुळे.

इथे माझ्या मांडणीचा गाभा येतो : आवक सढळ, जावक बेताची. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या वाटेपेक्षा किंचित जास्त असेल तर केबिनमध्ये इंजिनाच्या खणापेक्षा थोडा अधिक दाब राहतो, आणि मग बुजवूनही राहिलेल्या बारीक फटींतून हवा आतून बाहेर जाते. म्हणून खिडकी हवी, पण मोठी नको, आणि तिचं उघडणं थोडं-थोडं जमवता यायला हवं. काच अख्खी खाली घ्यायची हौस नेमकी याच्या उलट आहे. ती जावक एवढी वाढवते की कुठलीही आवक तिला पुरी पडत नाही. त्यात एकच बाजू उघडी असली तर छोट्या केबिनमधली हवा बाटलीच्या तोंडावर फुंकल्यासारखी घुमू लागते आणि कानांत ठोके बसतात, तो त्रास वेगळा.

फटी बुजवणं हे काम कोणाला दाखवता येत नाही म्हणून मागे पडतं, पण माझ्या मते ते सगळ्यांत आधी करायला हवं. रात्री इंजिनाच्या खणात प्रखर दिवा लावायचा, गाडी झाकायची आणि केबिनमध्ये बसून जिथे जिथे उजेडाची रेघ दिसेल तिथे खूण करायची. जी फट उजेड आत सोडते ती एक्झॉस्टचा वायूही आत सोडते, आणि कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. मागे इंजिन असलेल्या बंद गाडीत त्याचा इशारा देणारं छोटं यंत्र असलंच पाहिजे. याबाबत मी कोणाशी तडजोड करायला तयार नाही.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. हे सगळं वेगावर चालणारं गणित आहे. सिग्नलला उभी असलेली गाडी काय करणार? ताशी ३० किलोमीटरला तो ४६० पास्कलचा दाब जेमतेम ४२वर येतो, आणि उभ्या गाडीला तर काहीच मिळत नाही. तिथे उघडी काच खरोखर उपयोगी पडते हे मी मान्य करतो. तेव्हा तिला जावक म्हणा की आवक, ओढ लावायला वाराच नसतो. पण तेवढ्यासाठीही मी पंख्यावर जास्त भरवसा ठेवीन. बोटींच्या इंजिनखणातली पेट्रोलची वाफ बाहेर काढायला नळीत बसवायचे पंखे मिळतात. ते सतत चालायला बनवलेले असतात आणि ७५ किंवा १०० मिलिमीटरच्या नळीत सहज बसतात. मात्र असा पंखा आवकेच्या नळीत बसवावा, हवा आत ढकलण्यासाठी. जावकेला बसवला की तो पुन्हा तीच चूक करतो : केबिनचा दाब पाडतो आणि इंजिनाची हवा बोलावतो.

दुसरा आक्षेप असा, की एअर कंडिशनर लावला की वाद संपला. पुष्कळ प्रतिकृतींत तो असतोही. पण त्याचा कंडेन्सर नाकात रेडिएटरसमोर बसतो, म्हणजे रेडिएटरला आधीच तापलेली हवा मिळते आणि नाकपुड्यांतून बाहेर पडणारी हवा आणखी गरम होते. आणि ज्या केबिनच्या मागच्या भिंतीला फटी आहेत तिथे हे यंत्र इंजिनाच्या खणातली हवा थंड करत बसतं. आधी फटी, मग उन्हाची आणि पाइपांची रोधक आवरणं, मग हवेची वाट. इतकं झाल्यावर एअर कंडिशनर लावला तर तो छोटा असला तरी पुरतो.

तिसरा आक्षेप मनापासूनचा असतो आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो : मूळ गाडीत नव्हतं ते का घालायचं? १९६८ आणि १९६९ साली १०७५ क्रमांकाच्या एकाच गाडीने ल माँ सलग दोनदा जिंकली, आणि तिचे चालक त्या उष्णतेत बसलेच होते. खरं आहे. पण ते पाळीपाळीने बसत, आणि बराच वेळ गाडी अशा वेगात असे जिथे हवेच्या दाबाला तोटा नसतो. रस्त्यावरची प्रतिकृती त्या वेगाच्या आसपासही फिरकत नाही. शिवाय दाराच्या काचेत बाहेर उघडणारी छोटी झडप मूळ गाड्यांतही होती. म्हणजे बेताची जावक हाच मूळ गाडीशी इमान राखणारा मार्ग आहे, आणि आवकेच्या नळ्या, पंखा, बुजवलेल्या फटी बाहेरून दिसतही नाहीत. पूर्ण उतरणारी काच मात्र गाडीच्या रूपाशी भांडते. दार छपरात घुसलेलं, काच वरच्या बाजूला आत झुकलेली आणि वक्र, खाली दारात ती गिळायला जागा नाही. अशाच कारणांनी वर उघडणाऱ्या दारांच्या डीलोरियनला काचेच्या पोटात एक छोटा तुकडाच उघडता ठेवावा लागला होता.

ती झडप बसवताना एक हिशेब विसरू नये. ताशी २०० किलोमीटरला दाब चौपट होऊन १,८५० पास्कलच्या घरात जातो. २० बाय २५ सेंटिमीटरच्या झडपेवर तेवढीच ओढ लागली तर ती बाहेरच्या दिशेने साडेनऊ किलोंच्या जोराने खेचली जाते. ॲक्रिलिकची अख्खी काच त्या वेगात बाहेर फुगते ती याचमुळे. म्हणून बिजागरी पुढे, मागच्या कडेला अनेक खाचांचा पक्का अडसर, आणि ॲक्रिलिकमध्ये भोकं पाडताना कडा गुळगुळीत, नाहीतर तिथूनच तडा जातो. सगळं बसवून झाल्यावर एक पारदर्शक नळी यू आकारात वाकवून तिच्यात रंगीत पाणी भरावं. एक टोक केबिनमध्ये मोकळं, दुसरं लांब नळीने इंजिनाच्या खणात. सोबत्याने पाण्यावर नजर ठेवायची आणि चालकाने झडप एकेक खाच उघडत जायचं. केबिनच्या बाजूचं पाणी खाली दबलेलं आहे तोवर उघडणं ठीक. दोन्ही बाजू सारख्या पातळीला आल्या की एक खाच मागे यायचं आणि तिथे रंगाची खूण करून ठेवायची.