देवरूखच्या रानाकाठी दोन दिवस

कोकण रेल्वेच्या संगमेश्वर रोड स्थानकावर उतरून देवरूखची वाट धरली की थोड्याच वेळात समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते. या पट्ट्यात आजही काही देवराया शिल्लक आहेत, देवरायांत पोकळ ढोल्यांची जुनी झाडे आहेत, आणि म्हणूनच येथे महाधनेश आणि कवड्या धनेश टिकून आहेत. आमचे कौलारू घर अशाच एका रानाच्या कडेला आहे. फेब्रुवारीतला एखादा शनिवार-रविवार तेथे काढावा, असे मी आपणास सुचवतो. घरात वृद्ध माणूस असेल, तर त्यालाही बरोबर घेऊनच.

माझे वडील ८१ वर्षांचे आहेत. पार्किन्सनचे निदान होऊन चार वर्षे झाली. यंदा त्यांना गावी नेऊ नये, असे घरातल्या बहुतेकांचे मत होते, आणि ते चुकीचे नव्हते. एक पडणे, मांडीच्या हाडाचा एक अस्थिभंग, आणि माणूस पुन्हा पूर्वीसारखा उभा राहत नाही, हे मी दवाखान्यात पाहत आलो आहे. तरीही आम्ही गेलो. पुढच्या वर्षी त्यांना जाता येईलच, हे मला कोणी लिहून देणार नव्हते.

जुन्या घराचे उंबरे उंच असतात. पार्किन्सनच्या रुग्णाचे पाऊल नेमके दाराशी, अरुंद जागी गोठते. अशा वेळी त्याला ओढू नये, ‘चला, चला’ अशी घाईही करू नये. प्रत्येक उंबऱ्याच्या अलीकडे जमिनीवर खडूने दोन-तीन पांढऱ्या आडव्या रेघा ओढाव्यात. रेघ ओलांडायची म्हटले की थबकलेले पाऊल पुष्कळदा उचलले जाते. ओटी, माजघर आणि न्हाणीघर या तीन ठिकाणी रेघा ओढणे हे आमचे पहिले काम. दुसरे, रात्रीसाठी खाटेजवळ खुर्चीचा कमोड आणि हाताशी विजेरी. परसातल्या संडासापर्यंतची अंधारातली वाट मला बिबट्यापेक्षा अधिक धोक्याची वाटते.

या दिवसांत अंगण पातेऱ्याने भरलेले असते. तो गोळा करावा, पण पेटवू नये. आंबा-काजूच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून पसरावा. याच सुमारास भाताच्या शेतांत भाजावळ सुरू असते आणि सकाळच्या थंड हवेत धूर खाली साचून राहतो. दम्याच्या किंवा जुनाट खोकल्याच्या रुग्णाने त्या वेळी घरात बसावे आणि श्वासातून घेण्याचे औषध जवळ ठेवावे. पातेऱ्यात हात मात्र कोणीच घालू नये. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे विपुल आहे. दगडाखाली आणि सुक्या पानांत ते सहज लपते. लांब दांड्याचा खराटा आणि पायात बूट हवेतच. दंश झालाच, तर कापणे, चोखणे, करकचून बांधणे यांपैकी काहीही न करता अवयव स्थिर ठेवावा, १०८ क्रमांकावर फोन करावा आणि सरकारी रुग्णालय गाठावे. प्रतिसर्पविषाची सोय कोठे आहे, याची चौकशी पोहोचल्या दिवशीच करून ठेवावी.

वडिलांकडे खराटा दिला नाही. त्यांना ओटीवर हाताच्या खुर्चीत बसवून पुढ्यात माडाची झापे ठेवली. पाते सोलून हीर काढायचे आणि केरसुणी बांधायची, हे काम ते लहानपणापासून जाणतात. या आजाराचा कंप हात स्वस्थ असताना अधिक असतो. हात कामात गुंतला की बहुधा तो कमी होतो. हे मी पाठ्यपुस्तकात वाचले होते. शनिवारी सकाळी ९ ते ११ ते समोर घडताना पाहिले. ही वेळही मुद्दाम निवडलेली होती, कारण गोळीचा अंमल त्या दोन तासांत चांगला असतो. गोळीची वेळ प्रवासात आणि पाहुणचारात चुकू देऊ नये. मधुमेही मंडळींनी सवय नसलेल्या श्रमांपूर्वी काही खावे. काही गोळ्यांवर असताना साखर एकाएकी खाली येते. पाणी तहान लागण्याची वाट न पाहता प्यावे.

हीर सोलता सोलता वडिलांनीच प्रथम मान वर केली. वयानुसार ऐकू येणे कमी होते, ते प्रथम बारीक, उंच स्वरांचे. फुलचुखीचा किंवा शिंजिराचा आवाज त्यांना आता येत नाही, याची त्यांना खंत आहे. महाधनेशाच्या पंखांचा घोंघाट मात्र त्यांनी आमच्याआधी टिपला. तो वरून जातो तेव्हा हवा कापल्याचा आवाज दूरवर येतो. दुर्बीण आठपटीहून अधिक शक्तीची घेऊ नये. शक्ती वाढली की हाताचा कंपही तितकाच मोठा दिसतो. कोपरे खुर्चीच्या हातांवर टेकली की चित्र बरेच स्थिरावते.

घरापासून दूर, ओढ्यापलीकडच्या जुन्या बेहड्याच्या ढोलीकडे कवड्या धनेशाचा नर फेऱ्या घालत होता. मादी आत असावी. अंडी घालण्यापूर्वी ती ढोलीचे तोंड लिंपून घेते, एक अरुंद फट तेवढी ठेवते आणि आत असताना तिची उडण्याची पिसेही गळतात. पिल्ले मोठी होईपर्यंत तिचे पोट नरावर अवलंबून. उंबर-वडाची फळे तो गळ्यात साठवून आणतो आणि एकेक करून फटीतून भरवतो. त्या काळात नराचे बरेवाईट झाले, तर आतले सारे कुटुंब संकटात येते. तेव्हा ढोलीजवळ जाऊ नये, छायाचित्राचा मोह आवरावा. आम्ही ओटीवरूनच पाहत होतो. सात वर्षे अंथरुणावरच्या आईचे सर्व काही केलेल्या वडिलांनी दुर्बीण बराच वेळ खाली घेतली नाही. मग एवढेच विचारले, “त्याला स्वतःला खायला कधी मिळतं?” शुश्रूषा करणाऱ्या वाचकांना हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज नाही.

रविवारी दुपारी उन्हाचा चटका वाढला, तशी आवराआवर सुरू केली. पाण्याची भांडी उपडी घातली, विजेचे मुख्य बटण बंद केले, उंबऱ्यांपुढच्या रेघा तशाच ठेवल्या. केरसुण्या तीन झाल्या होत्या. दोन शेजारी दिल्या. तिसरी वडिलांनी मुंबईला नेण्यासाठी आपल्या पिशवीत घातली. ती पिशवीत मावत नव्हती.