डबी उलटली

‘डबी उलटली आणि जिल्हा सांडला. अक्षरे दोन.’ असे कोडे कोणी घातले, तर ऐकणारा प्रथम डबीचाच विचार करू लागतो. तीत कुंकू होते की तपकीर? ती कोणाच्या हातून पडली? कोडे घालणाऱ्याला नेमके हेच हवे असते. डबीत काहीच नव्हते. ‘डबी’ हा शब्द तेवढा उलटा वाचायचा होता. ड आणि बी यांनी आपापल्या जागा बदलल्या, की बीड हाती येते.

चौकटी भरण्याचे शब्दकोडे सर्वांच्या परिचयाचे आहे. आर्थर विन याने रचलेले पहिले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात छापले गेले. त्यात खूण दिली जाई ती सरळ अर्थाची. पुढे १९२० नंतरच्या काळात इंग्लंडमध्ये या खेळाला एक खोडकर भावंड झाले. त्यातली खूण एक बोलते आणि दुसरेच सुचवते. मराठी वर्तमानपत्रांतली शब्दकोडी बहुधा सरळ स्वभावाची असतात. पण अशी आडवळणाची खूण मराठी मनाला नवी मात्र नव्हे. आपल्याकडे तिला फार जुने नाव आहे: कूट.

महाभारत लिहून घेण्याची कथा प्रसिद्धच आहे. ‘माझी लेखणी मध्येच थांबता कामा नये,’ अशी अट गणपतीने घातली. व्यासांनीही उलट अट घातली, की अर्थ कळल्यावाचून एक अक्षरही लिहू नये. मग पुढचे श्लोक रचण्यास सवड हवी असली, की व्यास मध्येच एक कूट श्लोक घालीत. बुद्धीचा देव विचारात पडे, लेखणी क्षणभर थांबे आणि व्यासांना उसंत मिळे. अशा कूट श्लोकांची संख्या परंपरेने ८,८०० सांगितली आहे. या कथेत व्यासांचे चातुर्य सर्वांना दिसते. त्यांचा प्रामाणिकपणा सहसा कोणी पाहत नाही. व्यासांनी निरर्थक ओळी घातल्या असत्या, तर गणपती कायमचाच अडून बसला असता आणि महाभारत तेथेच संपले असते. श्लोक अवघड होते, परंतु त्यांना अर्थ होता. म्हणूनच लेखणी पुन्हा चालू लागे.

इंग्लंडमधील वेल्स येथील एका शाळेचे मुख्याध्यापक ए. एफ. रिची हे ‘ॲफ्रिट’ या टोपणनावाने अशी कोडी रचीत. १९४९ साली निघालेल्या आपल्या संग्रहात त्यांनी या खेळाचा नियम सांगितला. त्याचा आशय असा, की शब्दांचा वरवरचा अर्थ रचणाऱ्याच्या मनात नसला तरी चालेल; मात्र त्याच्या मनात जे आहे, ते त्या शब्दांत आलेच पाहिजे. फसवावे, पण लबाडी करू नये! म्हणून चांगल्या खुणेत दोन वाटा असतात. एक वाट अर्थाची आणि दुसरी अक्षरांच्या खेळाची. दोन्ही एकाच गावी पोचल्या, की गणिताचा ताळा जमावा तसे सोडवणाऱ्याला कळते, की आपले उत्तर बरोबर आहे. कोणाला विचारावे लागत नाही.

बीड जिल्ह्याचे तालुके अकरा. एस.टी.च्या पाट्यांवर रोज वाचून त्यांची नावे नजरेला गुळगुळीत झालेली असतात. कूट रचणारा तीच नावे हातात घेऊन फिरवून पाहतो, आणि त्यांना नवे कंगोरे फुटतात. ‘झाडापुढे सप्तशृंगीच्या गडाजवळचे गाव, पण तालुका बीडचा.’ झाड म्हणजे वड आणि नाशिक जिल्ह्यातली ती वणी. झाली वडवणी! ‘गोष्टीतली गाय हरवली, आजीने आपले पहिले अक्षर दिले आणि तालुका वसवला.’ गोठा, गोरस या शब्दांत जो ‘गो’ आहे, तोच गोष्टीतून गेला. त्याच्या जागी आजीचा ‘आ’ बसला आणि आष्टी तयार झाली. एकेकाळी गिरण्यांच्या भोंग्याने जागे होणाऱ्या मुंबईच्या परळला दुसरी वेलांटी दिली, की वैजनाथाचे दर्शन घडते. ही खूण फारच सोपी. ती धाकट्या भावंडांसाठी राखून ठेवावी. ‘तवा याचा, जिल्हाही हाच’ या खुणेत तर अक्षरांची हलवाहलवदेखील नाही. बीड म्हणजे ओतीव लोखंड हे ज्याच्या घरी बिडाच्या तव्यावर भाकरी होते, त्याला सांगावे लागत नाही.

या खेळात देवनागरी लिपीचा एक विशेष उपयोगी पडतो. मराठी कोड्याच्या एका घरात काना, मात्रा, वेलांटीसह संपूर्ण अक्षर बसते. ‘ष्टी’सारखे जोडाक्षरही एकाच घरात सुखाने राहते. म्हणून बीड उलटले तरी बची वेलांटी बच्याच अंगावर राहते आणि डबी तयार होते. रोमन लिपीत प्रत्येक स्वर आपले स्वतंत्र घर मागतो. तेथे बीडची चार अक्षरे उलटली, तर अर्थाचा एक शब्दही हाती लागत नाही. प्रत्येक लिपीची कुलपे वेगळी आणि किल्ल्याही वेगळ्या.

कोडे सोडवण्यापेक्षा ते रचणे कठीण, आणि त्याचे कारण मोठे मौजेचे आहे. रचणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असते! त्यामुळे त्याला आपली प्रत्येक खूण लख्ख उजेडात ठेवल्यासारखी वाटते. ‘मामाच्या गावाला जाताना मध्ये लागते ते गाव’ असे एखादा मुलगा लिहून जातो, आणि मामा त्याचा एकट्याचा आहे हे विसरतो. असे कोडे कोणालाही सुटत नाही. मित्र ते दोनदा वाचतात, खांदे उडवतात आणि त्या मुलाचे पुढचे कोडे हातातही घेत नाहीत. त्यापेक्षा कच्ची खूण एखाद्या मित्रापुढे ठेवावी आणि तो अडखळतो कोठे, हे गप्प बसून पाहावे. सांगून टाकण्याचा मोह आवरणे हीच त्यातली खरी कसोटी.

आता ही एक खूण पाहा. ‘आधी मस्ती, मग लबाडाचे पहिले अक्षर, शेवटी खेडे, सिंदफणेवरचे धरण पाहायचे, तर येथे यावे.’ अक्षरे पाच. दोन्ही वाटा खुल्या आहेत.