धाकटीचं घर

ईसानमध्ये मुलगे जातात आणि मुली राहतात. थायलंडच्या या ईशान्य भागात लग्न झालं की नवरा बायकोच्या माहेरी राहायला येतो. थोरल्या बहिणी यथावकाश त्याच आवारात किंवा पलीकडच्या आळीत आपापली चूल मांडतात, आणि आईवडिलांचं म्हातारपण सांभाळून मूळ घर राखते ती सगळ्यांत धाकटी. शहरांनी आणि परदेशांनी ही रीत बरीच विस्कटली आहे, पण खेड्यातल्या म्हाताऱ्यांच्या मनात ती अजून शाबूत आहे. घरजावयाला आपल्याकडे जे टोमणे बसतात ते इथे कुणी कुणाला मारायचे? माझे सासरे घरजावई होते, त्यांचे वडीलही घरजावई.

अशा मुलखात मी सून होऊन आले. मी परदेशी आहे याचं कुणाला फारसं काही वाटलं नाही. युरोपातले उतारवयाचे जावई ईसानला नवे नाहीत. आठवडी बाजारात पिशव्या धरून बायकोच्या मागून चालताना ते नेहमी दिसतात. गावाला कोडं पडलं ते वेगळंच. शेजारची आजी पान चघळत मला विचारत राहिली, ‘‘मग तुझ्या आईजवळ कोण आहे?’’ भाऊ आणि वहिनी आहेत, असं मी सांगितलं. तिने माझ्याकडे जरा कीव येऊन पाहिलं आणि पुन्हा विचारलं, ‘‘मुलगी कुणी नाही?’’

रत्नागिरी जिल्ह्यातल्या माझ्या गावातून माणसं मुंबईला गेली, आखातात गेली. इथूनही गेली. सासरे ऐंशीच्या दशकात रियाधजवळ बांधकामावर होते. त्या काळात ईसानचे पुरुष लाखोंनी सौदीला जात. १९८९ साली एका थाई नोकराने तिथल्या राजपुत्राच्या वाड्यातले दागिने चोरले, त्यावरून दोन देशांचं असं बिनसलं की कामगारांचे व्हिसा थांबले आणि संबंध पूर्ववत व्हायला २०२२ साल उजाडलं. मग गावांनी तोंड फिरवलं तैवानकडे, कोरियाकडे, इस्रायलकडे. माझा नवरा विशीत निघाला तो सिंगापूरला, जहाजबांधणीच्या यार्डात. मी तिथेच हिशेब खात्यात होते. त्याच्या रविवारच्या दुपारी बीच रोडवरच्या गोल्डन माइल कॉम्प्लेक्समध्ये जायच्या. सगळं सिंगापूर त्या इमारतीला ‘छोटं थायलंड’ म्हणायचं. २०२३ साली ती रिकामी करण्यात आली आणि दुकानं पांगली. रविवारी आता कुठे जायचं, हे तो काही आठवडे विचारत होता. मग एका संध्याकाळी म्हणाला, घरीच जाऊ या.

घर म्हणजे रोई-एत प्रांताच्या दक्षिणेला, सुवन्नभूम तालुक्यात. बँकॉकच्या विमानतळाचंच नाव आहे, पण इथे आकाशातून उतरतात ते बगळे. हा थुंग कुला रोंग हाय नावाचा मैदानी प्रदेश पाच प्रांतांत मिळून वीस लाख राईंवर पसरलेला आहे. एक राई म्हणजे आपले जवळजवळ सोळा गुंठे. ब्रह्मदेशाकडून माल घेऊन येणारे कुला व्यापारी हे मैदान तुडवताना पाण्याचा थेंब आणि झाडाची सावली न दिसून रडले, अशी या नावामागची कथा आहे. एप्रिलच्या दुपारी मला त्या व्यापाऱ्यांबद्दल शंका राहत नाही. जमीन राखाडी, भुसभुशीत वाळूची. बांधावर एखादं चिंचेचं झाड. रस्त्याच्या कडेला मात्र बहावा पिवळाजर्द फुललेला असतो. तो इथलं राष्ट्रीय फूल आहे आणि ऊन जितकं कडक तितका तो जास्त खुलतो.

गावात शिरताना आधी दिसतात ती पैशांची घरं. खाली मोकळी जागा आणि वर लाकडी खोल्या अशी खांबांवरची जुनी घरं आता थोडी उरली आहेत. त्यांच्या शेजारी फरश्यांची, रंगीत छपरांची, स्टीलच्या फाटकांची घरं उभी आहेत. हे तैवानचं, ते कोरियाचं, असं गावकरी बोटाने दाखवतात. घर ज्या देशाच्या पगारातून उठलं त्या देशाच्या नावाने ओळखलं जातं. त्यांतल्या बऱ्याच घरांत एक आजी आणि दोन नातवंडं राहतात. वरच्या मजल्यावरच्या सोफ्याचं प्लास्टिकही काढलेलं नसतं.

आम्ही आलो आणि सासूबाईंनी पहिलं काम काढलं ते ख्वान बोलावण्याचं. माणसाच्या देहात ३२ ख्वान राहतात, आणि लांबच्या प्रवासात, आजारपणात, धसक्याने त्यांतला एखादा मागे रेंगाळतो, अशी इथली समजूत. तो परत आला नाही तर माणूस नुसता खातो-पितो, पण असतो भलतीकडेच. केळीच्या पानांचे कोन एकावर एक रचून त्यांत झेंडू खोवलेला, भोवती उकडलेली अंडी आणि चिकट भाताचे गोळे. विधी सांगायला एक निवृत्त शिक्षक आले होते. जंगलातून ये, नदीकाठावरून ये, परमुलखातून ये, अशा अर्थाची त्यांची हाक लयीत चालते. मध्येच थांबून त्यांनी नवऱ्याला विचारलं, नक्की कुठून बोलवायचं? तो म्हणाला, यार्डातून. त्यांनी न अडखळता यार्ड त्या लयीत बसवलं. मग एकेकाने येऊन आमच्या मनगटांवर पांढरा दोरा बांधला. हे दोरे कात्रीने कापायचे नाहीत आणि निदान तीन दिवस तरी ठेवायचे. सासूबाईंनी मला बांधताना ‘ई-ला’ म्हटलं. घरातल्या धाकट्या लेकीला लाडाने अशी हाक मारतात. पलीकडे खरी धाकटी, माझी नणंद, अंडी सोलत बसली होती.

नवऱ्याचे ख्वान एकदम आले नाहीत, हे मी शेजारून पाहिलं आहे. पहाटे पाचला तो पाळीला उठल्यासारखा उठायचा आणि अंगणात उभा राहायचा. त्याची ईसानी बोली गावाच्या बोलीच्या वीस वर्षं मागे राहिली होती. त्याने तरुणपणीचे शब्द वापरले की भाचे खिदळायचे. त्याच्या वर्गातले निम्मे बँकॉकला, दोघे वारलेले, एक भिक्षू झालेला. गावाच्या भोंग्यावर मुखिया सकाळी सूचना वाचतो: कुणाकडे पुण्यकर्म आहे, डासांची फवारणी कधी आहे. त्यातली निम्मी नावं त्याला लागत नसत. नणंदेला सगळी लागतात. ती गावातली आरोग्य स्वयंसेविका आहे. देशभरात अशा दहा लाखांहून जास्त आहेत; करोनाच्या दिवसांत थायलंडची खेडी त्यांनी दारोदार फिरून राखली. कुणाचा रक्तदाब किती, कुणी गोळ्या लपवून ठेवल्यात, कुणाच्या मुलाने तीन महिने पैसे पाठवले नाहीत, हे ती चपला न काढता सांगू शकते.

परतणाऱ्यांच्या डोक्यात एक आराखडा असतो. १९९७ च्या आर्थिक संकटात बँकॉकमधली कामं गेली आणि माणसं गाड्या भरभरून ईसानला परतली, त्या वेळेपासून तो आणखी लोकप्रिय झाला. राजा भूमिबोल यांनी सांगितलेली ही शेतीची वाटणी: तीस टक्के तळं, तीस टक्के भातखाचर, तीस टक्के झाडं-भाज्या, दहा टक्के घर-गोठा. सिंगापूरच्या खोलीत नवऱ्याने तो चौकडीच्या कागदावर काढून भिंतीला लावला होता. वडिलांच्या पंधरा राईंपैकी चार त्याच्या वाट्याच्या, म्हणजे दीड एकराच्या किंचित वर. तळं खोदायला यंत्र आलं. नणंद बांधावर येऊन उकिडवी बसली. माती राखाडीची पिवळट झाली, मग ओलसर, आणि ती उठली. ‘‘बस. याच्या खाली मीठ आहे.’’ यंत्रवाल्याने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने कागदाकडे. नणंद दोघांकडेही न पाहता घरी निघून गेली. यंत्र थांबलं.

या पठाराच्या पोटात खडकमिठाचे जाड थर आहेत, प्राचीन काळी आटलेल्या खाऱ्या पाण्याचे. मार्च-एप्रिलमध्ये खोलगट शेतांवर पांढरी साय येते ती त्याचीच. जुन्या बायका ती खरवडून, पाण्यात विरघळवून, उकळून मीठ करत. त्या मिठात नदीची मासळी आणि भाताचा कोंडा मुरवला की प्ला रा होते, जिच्या वासाने परके पाहुणे गाडीत जाऊन बसतात. मी नाही बसले. ज्या घरात पावसाळ्याची बेगमी म्हणजे सुकट आणि खारा बांगडा, तिथली मी. आमच्या गावी पोस्टमन नाक दाबून मनीऑर्डर द्यायचा. प्ला राची बरणी माझ्यासमोर उघडली गेली तेव्हा सासूबाई माझा चेहरा बघत होत्या. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. माझी पत खऱ्या अर्थाने त्या दिवशी झाली, दोऱ्यांनी नव्हे.

भाताचंही सांगायला हवं, कारण जगाला हे मैदान ठाऊक आहे ते त्याच्यामुळे. हॉम माली, सुवासिक तांदूळ. थुंग कुलाच्या हॉम मालीला २०१३ साली युरोपीय संघानेही भौगोलिक मानांकन दिलं. मूळ वाण १९५९ साली प्रसारित झालेलं खाव डोक माली १०५. दिवस लहान होऊ लागल्याशिवाय ते फुलत नाही. पाऊस लवकर आला म्हणून मेमध्ये पेरा किंवा उशिरा आला म्हणून जुलैमध्ये, फुलोरा ऑक्टोबरच्या शेवटीच, कापणी नोव्हेंबरात. पूर्वी रोपं काढून लावणी होई आणि आपल्या इर्जिकीसारखे सगळे एकमेकांच्या शेतात उतरत. आता हातच नाहीत, म्हणून बी फेकून पेरतात आणि कापणीला भाड्याचं यंत्र आणतात. हा सुवासिक तांदूळ विकायचा. खायचा तो चिकट भात, त्याच वाणावर किरणांचा प्रयोग करून १९७७ मध्ये काढलेला. तो बांबूच्या टोपलीत वाफवतात आणि मुठीत दाबून खातात. सिंगापूरला मी पाच किलोची हॉम मालीची पिशवी घ्यायचे. ती पिकवणारे तो तांदूळ फारसा खात नाहीत, हे मला इथे आल्यावर दिसलं.

राईला साडेतीनशे किलोच्या आसपास भात. चारही राई भाताला दिल्या तरी विकून हातात येतात वर्षाला वीस हजार बात, धरा पन्नास हजार रुपये, आणि त्यातून नांगरट, खत, कापणीयंत्र. हिशेब खात्यातल्या बाईला यापुढे काही सांगावं लागत नाही. शेतीवर गाव जगतं, हे परतलेल्यांचं लाडकं वाक्य आहे. गाव जगतं ते दर महिन्याला बाहेरून येणाऱ्या पैशावर. शेती घरातल्यांना पोटभर भात देते आणि बाहेर गेलेल्याला परतायचं ठिकाण देते. ते ठिकाण आपोआप टिकत नाही. कुणीतरी दरवर्षी बांध घालतं, बी राखतं, म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेतं, महोत्सवाची वर्गणी भरतं. पैसे पाठवणाऱ्याची फाटकावर नावाची पाटी लागते. राखणारीची पाटी मी या गावात एकही पाहिली नाही, आणि खरं सांगायचं तर कोकणातही पाहिली नाही.

पलीकडच्या आळीतला मुलगा इस्रायलला शेतमजूर होता. ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यात कितीतरी थाई मजूर मारले गेले, काही ओलीस नेले गेले. तेव्हा तिथे थाई मजूर तीस हजारांच्या घरात होते आणि बहुतेक ईसानचे. सरकारच्या विमानांनी हजारो परत आले, त्यांत तोही. त्याचाही ख्वान बोलावला, त्याच शिक्षकांनी. पण जाताना काढलेलं कर्ज फिटलेलं नव्हतं. काही महिन्यांत तो पुन्हा गेला. त्याच्या आईने मनगटावरचा दोरा सुटू दिला नव्हता, तिच्या स्वतःच्या.

माझे कागदही इथेच सांगून टाकते. परदेशी माणसाच्या नावावर इथे जमीन होत नाही, त्यामुळे चार राईंशी माझा संबंध चिखलाचाच. दर नव्वद दिवसांनी माझा पत्ता कळवावा लागतो. थाई कुटुंबाची घरनोंदणीची वही निळ्या कव्हरची असते. परदेश्याला वेगळी मिळते, पिवळी. ती हवी असेल तर घराच्या यजमानाने तालुका कचेरीत येऊन संमती द्यावी लागते. आमच्या निळ्या वहीत यजमान म्हणून नणंदेचं नाव आहे, घर तिचं आहे. नवराही त्या वहीत तिचा भाऊ म्हणून आहे. ती स्कूटरवरून आली, तिने सही केली आणि लगेच निघाली. तिला तीन घरी साखर तपासायची होती.

आमच्याकडे यायचं तुम्ही काहीजण पत्रातून लिहिता. एप्रिलमध्ये येऊ नका. सोंगक्रानला बँकॉकची सगळी मुलं गाड्या घेऊन परततात, रस्त्यावर पिंपं भरून पाणी उडवतात, रात्री मोलाम या इथल्या लोकगाण्यांचे कर्णे लागतात आणि चार दिवस हे गाव भरलेलं आहे असा कुणाचाही समज होतो. सप्टेंबरात या. चिखल असेल, बेडूक झोपू देणार नाहीत, आणि घरोघरी फक्त तेच भेटतील जे खरोखर इथे राहतात. उतरल्यावर नणंदेचं घर विचारा, आमचं कुणी सांगणार नाही. येताना थोडी सुकट आणा, तिने मागितली आहे.